सगळा कारभार हिच्या हातात

"एक तारखेला पगार आणून हिच्या हातात ठेवला, की मी मोकळा." डोंबिवलीत वाढलेल्या, माझ्या वयाच्या कुणाच्या कानावर हे वाक्य पडलं नसेल असं होणार नाही. टिळकनगरच्या सत्यनारायणाला ते ऐकलं, गोग्रासवाडीतल्या साखरपुड्याच्या बैठकीत ऐकलं, संध्याकाळच्या लोकलमधून उतरून पुलाचा जिना चढणाऱ्या काकांच्या घोळक्यात ऐकलं. म्हणणाऱ्याच्या आवाजात अभिमान असायचा आणि थोडी सुटकाही. शेजारी बसलेली बायको हसायची. त्या हसण्यात कौतुक होतं, संकोच होता, आणि आणखीही काहीतरी होतं. ते काय, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

वाक्य खोटं नव्हतं. पगार खरोखरच हातात ठेवला जायचा. आमच्याकडे खाकी पाकीट आधी देवापुढे जायचं, मग आईकडे. रात्री जेवणं उरकली, की आई स्वयंपाकघरात फतकल मारून बसायची आणि नोटांच्या वाटण्या करायची. दूधवाला, वाणी, सोसायटीचे पैसे, आमच्या फिया, कोकणात आजीला मनीऑर्डर, पोस्टाच्या आवर्ती ठेवीचा हप्ता. ह्याच पाकिटातून बाबांचा रेल्वेचा पास आणि चहापाण्याचे पैसे त्यांना परत मिळायचे. बाबांना ह्याची गंमत वाटायची. "मालकीणबाई, पासाचं बघा," असं ते म्हणायचे. मालकीणबाई हसण्याच्या मनःस्थितीत नसायच्या. वीस तारखेनंतरचे दहा दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर उभे असायचे.

ह्या घराला नावं ठेवायला मी बसलेले नाही. पाकीट घरापर्यंत न पोचणारी घरं त्याच गल्लीत होती. आमच्या मागच्या चाळीतल्या एक काकू दर महिन्याच्या एक तारखेला स्टेशनावर जाऊन उभ्या राहत; नवरा गुत्त्याकडे वळायच्या आत त्याला गाठायचं म्हणून. त्यांच्याकडे बघून सगळे आईला म्हणत, तुमचं नशीब मोठं हो. आईलाही ते पटलेलं होतं. पण त्या पाकिटातून तिच्या हातात नेमकं काय येत होतं? वांगं आणायचं की बटाटा, हे ती ठरवायची. बदलापूरला प्लॉट घ्यायचा का, हे बाबा ठरवायचे. विम्याचा एजंट यायचा तो बाबांशी बोलायचा. आई चहा आणून ठेवायची आणि बोलणं चालू असेपर्यंत दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. आत्येच्या लग्नासाठी सोसायटीतून कर्ज काढलं, हे तिला कापून आलेला पगार मोजताना कळलं. कर्ज काढण्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण कमी आलेल्या पैशांत महिना कसा काढायचा, हा प्रश्न मात्र आपोआप तिचा झाला होता.

जॅन पाल नावाच्या एका ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या केंट परगण्यात १०२ जोडप्यांना गाठून हाच विषय काढला होता. 'मनी अँड मॅरेज' हे त्यांचं पुस्तक १९८९ मध्ये आलं. त्यांनी एक साधी, पण चतुर गोष्ट केली. नवरा-बायकोला आधी एकत्र बसवून विचारलं आणि मग वेगवेगळं. दोन्हीकडची उत्तरं जुळतातच असं नाही, हे डोंबिवलीतल्या कुठल्याही मोलकरणीने त्यांना फुकट सांगितलं असतं; पण विद्यापीठात ते मोजून दाखवावं लागतं. पैसा सांभाळणं आणि पैशावर हुकमत असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. सगळा पगार बायकोच्या हाती देण्याची रीत तिथेही होती, आणि ती जास्त करून कुठे होती, तर कमी उत्पन्नाच्या घरांत. जिथे पैसा पुरत नाही तिथे तो पुरवण्याचं काम बाईचं. जिथे तो पुरून उरतो, तिथे सूत्रं पुरुषाकडे जास्त सापडतात.

हे वाचलं तेव्हा मी फोर्टात नोकरीला होते आणि केंट कुठे आहे हे मला नकाशात बघावं लागलं. पण खाकी पाकीट तिथेही तेच होतं, ओळखीचं. आमच्या आईच्या हाती दिलेली होती ती ओढाताण, आणि तिलाच सगळे कारभार म्हणत होते.

घरातल्या पैशाचा अभ्यास आपल्याकडेही जुना आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने फिंडले शिरास ह्यांच्या देखरेखीखाली मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि १९२३ मध्ये अहवाल छापला. धान्य किती, भाडं किती, कपडालत्ता किती, कर्ज किती, सगळं त्यात आहे. पण मोजमापाचं एकक कुटुंब. खोलीचं दार लोटून घ्यायचं आणि आतल्या सगळ्यांचं पोट एकच मानायचं. शेवटची भाकरी कुणी खाल्ली, हा प्रश्न कोष्टकात बसत नव्हता. ह्याच समजुतीवर पुढे शिकागोच्या गॅरी बेकर ह्यांनी १९८१ मध्ये एक भारदस्त ग्रंथ लिहिला. त्यात घराला एक प्रेमळ कर्ता आहे, तो सगळ्यांचं भलं बघतो आणि म्हणून सगळे शहाण्यासारखे वागतात. बेकर ह्यांना १९९२ मध्ये नोबेल मिळालं. दोन वर्षं आधी, १९९० मध्ये, आपल्या अमर्त्य सेन ह्यांनी त्या कर्त्याच्या पायाखालचं जाजम हळूच ओढलं होतं. घर म्हणजे एकाच वेळी सहकारही आणि झगडाही, असं ते म्हणाले. आणि त्या झगड्यात कोण किती कमावतं ह्याइतकंच, कोण कमावतं असं घराला वाटतं, हेही निर्णायक ठरतं. पाहुण्यांसमोर आई स्वतःच म्हणायची, "मी काय, घरीच असते." त्या घरी असण्यावर घर चाललं होतं, पण ते तिलाही दिसत नव्हतं.

चंद्रकला हाटे ह्यांचं नाव आता फारसं कुणी घेत नाही. मुंबई, पुणे, नागपूर आणि सोलापूर ह्या चार शहरांतल्या मध्यमवर्गीय बायकांना, नोकरी करणाऱ्या आणि न करणाऱ्या, प्रश्न विचारून त्यांनी १९६९ मध्ये पुस्तक काढलं. डोंबिवली त्यात नाही. त्या वेळी आमचं गाव आकार घेत होतं. एमआयडीसी नुकतीच उभी राहिली होती, मुंबईत खोली न परवडणारी कारकून मंडळी पागडीचा नाद सोडून इथे ब्लॉक घेत होती. वर्षभराने, १९७० मध्ये, डोंबिवली नागरी सहकारी बँक निघाली; ठाण्यात, कल्याणात पाठोपाठ जनता सहकारी बँका आल्या. घरोघरी पासबुकं झाली. त्यावर नाव कुणाचं असायचं, हे सांगायला नको.

बायकांचे पैसे दुसऱ्या वाटेने साठत होते. १९७२ मध्ये पोस्टातल्या बचतीसाठी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आली. त्यात बायकाच एजंट. दुपारी दोनच्या सुमाराला, घर शांत झालं की, आमच्याकडे एक बाई यायच्या. कापडी पिशवीत पासबुकांचा गठ्ठा, छत्री बारा महिने. त्या दहा-दहा रुपये गोळा करायच्या, कार्डावर सही करायच्या, पाणी पिऊन पुढच्या दाराला जायच्या. त्यांच्या पायांवर डोंबिवलीतली किती लग्नं, किती बाळंतपणं निभावली गेली असतील ह्याचा हिशेब कुठल्या पाहणीत नाही. त्या स्वतः किती कमावत, हे आम्ही कधी विचारलं नाही. त्यांच्या घरी त्यांचं कमिशन कुणाच्या हातात जात होतं, हे विचारण्याची तर कल्पनाही सुचली नाही.

आणि मग गाडी. जुलै १९९२ मध्ये मध्य रेल्वेने कल्याणहून व्ही.टी.ला पहिली लेडीज स्पेशल सोडली. मी त्या गाडीची जुनी प्रवासी. तिच्याविषयी लिहिणारे सगळे डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांचं वर्णन करतात. निवडायच्या, खरं आहे. पण मला त्या गाडीतलं अर्थकारण जास्त आठवतं. आमच्या डब्यात तीन भिश्या चालायच्या. बारा जणी, महिन्याला पाचशे रुपये, चिठ्ठी मुलुंड सोडल्यावर निघायची. जिची चिठ्ठी, तिला सहा हजार. व्याज नाही, कागद नाही, जामीन नाही. बँकेत काम करणाऱ्या दोघी-तिघी त्या भिशीत होत्या. ज्यांना चक्रवाढ व्याज तोंडपाठ, त्या बिनव्याजी भिशीत पैसे का टाकतात, असं मी एकीला विचारलं. ती म्हणाली, "बँकेत ठेवले तर ते घरचे होतात गं. भिशीचे द्यायचेत म्हटलं, की सासूबाईसुद्धा गप्प बसतात."

दहा वर्षांनी, २००२ मध्ये, सिवान अँडरसन आणि ज्याँ-मारी बालाँ ह्या दोघांनी नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या भिश्यांवर एक शोधनिबंध लिहिला. बायका भिशीत जातात त्या नवऱ्याच्या हातून पैसे वाचवण्यासाठी, असं त्यांनी आकडेमोड करून दाखवलं. माझ्या डब्यातल्या बाईने ते घाटकोपर यायच्या आत सांगितलं होतं. फरक एवढाच, की किबेरातला नवरा खर्चिक असेल. आमच्या डब्यातल्या बहुतेकींचे नवरे चांगले, निर्व्यसनी, घराकडे बघणारे होते. त्या चांगल्या माणसांपासूनसुद्धा काही पैसे वाचवावेसे वाटत होते. मला ह्या गोष्टीचं महत्त्व फार वाटतं. दारुड्याची बायको पैसे का लपवते, हे कुणालाही समजतं. देवमाणसाची बायको का लपवते?

पगाराच्या वाटणीबद्दल त्या डब्यात जे कानावर यायचं त्याला एक ठरलेला आकार होता. त्याच्या पगारातून ब्लॉकचा हप्ता, तिच्या पगारातून वाणी, दूध, फी, मे महिन्यातला प्रवास, येणारे-जाणारे. ठरवताना कुणाचा वाईट हेतू नसतो. त्याचा पगार मोठा, म्हणून मोठा खर्च त्याने उचलायचा, इतकं सरळ गणित. वीस वर्षांनी हिशेब केला, तर त्याच्या पैशाचा ब्लॉक झालेला असतो, किंमत दसपट झालेली असते, आणि तिचे पैसे सगळ्यांनी खाऊन-पिऊन, शिकून-सवरून संपवलेले असतात. वर "ब्लॉक ह्यांनी घेतला" असं तीच सांगते.

साठवलेल्या पैशाचं काय झालं हे २०१६ मध्ये कळलं. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याचं टीव्हीवर सांगितलं गेलं, तेव्हा देशभरच्या स्वयंपाकघरांत काय झालं असेल, ह्याची कल्पना अर्थशास्त्रज्ञांपेक्षा बायकांना लवकर आली. कल्याणला पारनाक्याजवळ राहणारी माझी मावशी त्या रात्री झोपली नाही. तिच्याकडे चाळीस हजारांच्या वर निघाले. भाजीतून, रद्दीतून, भाऊबिजेच्या ओवाळणीतून, दिवाळीला शेजाऱ्यांच्या चकल्या करून दिल्या त्यातून. किती वर्षांचे, ते तिलाही आठवत नव्हतं. काही नोटा रेशमी साडीच्या घडीत, काही पितळी डब्यात मुगाखाली. सगळ्या बाहेर काढून तिने काकांपुढे ठेवल्या. काका आधी थक्क झाले, मग खूप हसले, मग फोन करून सगळ्यांना सांगायला लागले, "घरातच चोर सापडला!" चेष्टाच होती. मावशीही हसली.

घरच्या बायकांनी साठवलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेची चौकशी होणार नाही, असं सरकारने तेव्हा जाहीर केलं. पुढे २०२१ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठानेही अशी रक्कम गृहिणीचं लपवलेलं उत्पन्न म्हणून धरता येणार नाही, असा निर्णय दिला. आयकर खात्याने नाही विचारलं. पण घराने विचारलं, "एवढे होते तुझ्याकडे?" काकांनी रांगेत उभं राहून पैसे बँकेत भरले, त्यांच्या खात्यात, कारण मावशीचं खातं वापराविना बंद पडलं होतं. उन्हाळ्यात त्याच पैशांत भर घालून एसी घेतला. एसी मावशीच्याच खोलीत लागला, कारण तिलाच उकाडा सोसत नाही. काकांनी पै खाल्ली नाही. तरीही मावशी ज्या कारणासाठी ते पैसे ठेवत होती ते कारण, ते कुणालाही सांगावं लागू नये म्हणूनच तर ते मुगाखाली होते, कायमचं गेलं. काय होतं, मी तिला विचारलं नाही. कदाचित काहीच नसेल. काहीच कारण न सांगता खर्च करता येणारे पैसे, एवढंच असेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा प्रश्न विचारतात, आणि चांगल्या शब्दांत विचारतात: कसे वापरायचे हे तुम्ही स्वतः ठरवू शकाल असे काही पैसे तुमच्याकडे आहेत का? २०१९–२१ च्या पाहणीत जवळजवळ ७९ टक्के बायकांचं, त्या स्वतः वापरतात असं बँक खातं होतं. आधीच्या पाहणीत ते प्रमाण ५३ टक्के होतं. म्हणजे उडी मोठीच. पण स्वतः ठरवून वापरण्याजोगे पैसे असलेल्या होत्या ५१ टक्क्यांच्या आसपास. ह्या दोन आकड्यांच्या मधल्या बायका मला ओळखीच्या वाटतात. त्यांच्या पर्समध्ये एटीएम कार्ड असतं. पिन नंबर घरात सगळ्यांना माहीत असतो.

आता मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. आमच्या सोसायटीत सात मनोऱ्यांत ज्या मुली राहतात, त्यातल्या पुष्कळ नवऱ्याइतकं किंवा त्याहून जास्त कमावतात. खाकी पाकीट संग्रहालयात गेलं. पगार फोनवर टिंग करून येतो, तसाच टिंग करून जातो. ह्या मुली ऑफिसात कोटींची अंदाजपत्रकं करतात. पण म्युच्युअल फंड कुठले कुठले आहेत, डीमॅट खात्याचा पासवर्ड काय, असं लिफ्टमध्ये गप्पा मारताना सहज विचारलं, तर उत्तर येतं, "ते हाच बघतो." म्हणताना आवाजात थोडा अभिमान, थोडी सुटका. दूधवाल्याचं, बाईच्या खाड्यांचं, मुलाच्या क्लासच्या फीचं, सासूच्या औषधांचं मात्र तीच बघते. पैसा कमी होता तोवर तो बायकांचा विषय होता. तो वाढायला लागला, त्याला आलेख फुटले, त्यावर बोलायला यूट्यूबवर माणसं बसली, तसा पुरुषांना त्यात रस आला. मला ह्यात कुणाचं कारस्थान दिसत नाही. रंजक काम ज्याच्याकडे सवड आहे त्याच्याकडे जातं, आणि सवड कुणाकडे आहे हे केंद्र सरकारनेच मोजून ठेवलंय.

वेळेच्या वापराची ही पाहणी करताना पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या कप्प्यांत मांडून विचारतात: तुम्ही काय करत होता? २०१९ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. २०२४ मध्ये २८९ आणि ८८. बायकांची दहा मिनिटं वाचली, हे खरं. पुरुषांचीही नऊ वाचली. ह्यात स्वयंपाक आहे, झाडलोट आहे, बाजारहाट आहे. पण गॅस बुक करायचा राहिलाय, हे ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत ढकललं जात असताना आठवणं कुठल्या कप्प्यात लिहायचं? त्या अर्ध्या तासात पाहणीवाला "प्रवास" लिहितो. बरोबरच लिहितो.

ह्या आकड्यांना एकदा न्यायालयात किंमत आली. ५ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात २९९ आणि ९७ हे आकडे निकालपत्रात उतरवून घेतले आणि घरकामाला मोल आहे, ते धरलंच पाहिजे, असं म्हटलं. चांगला निकाल आहे. फक्त ते मोल ठरण्यासाठी बाई अपघातात मरावी लागते. २०२४ च्या जुलैत न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना ह्यांनी पोटगीच्या एका निकालात जिवंत बाईचाही विचार केला: नवऱ्यांनी गृहिणी असलेल्या बायकोला संयुक्त खातं, एटीएम कार्ड द्यावं, असं त्यांनी लिहिलं.

आपल्या राज्य सरकारला बायकांच्या नावाचं महत्त्व १ एप्रिल २०२१ पासून पटलं. घर फक्त बाईच्या नावावर नोंदवलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. एक कोटीच्या फ्लॅटला एक लाख वाचतात. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ हसत सांगतात, "एका लाखासाठी बायकोला घरमालकीण केलं." त्यांना हा विनोद वाटतो. त्यांची बायको हसते, पण तिने इंडेक्स टूची प्रत लॅमिनेट करून आपल्या कपाटात ठेवली आहे, हे त्यांना माहीत नसावं. सरकारने कुठल्या हेतूने का देईना, त्या कपाटात एक कागद गेला. लाखाच्या लोभाने झालेली समता मला चालते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई दिव्याहून येतात. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली, तेव्हा खात्याला आधार जोडायला त्या दोन दाड्या मोडून रांगेत उभ्या राहिल्या. महिन्याला दीड हजार. त्यावर टीव्हीवर अर्थतज्ज्ञ तिजोरीची चिंता करत होते, राजकारणी श्रेय वाटून घेत होते. काही महिन्यांनी मी ताईंना विचारलं, पैशाचं काय करता? त्या म्हणाल्या, "काय करायचं? नवऱ्याला माहितीये किती येतात. त्याने किराण्याचे तेवढे कमी केले." मी गप्प झाले. भांडं विसळत त्या पुढे म्हणाल्या, "तरी बरं. आधी तेवढ्यासाठी रोज तोंड बघायला लागायचं त्याचं."

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी मुलांसाठीची मदत बापाच्या पगारातल्या करसवलतीऐवजी थेट आईच्या हातात द्यायला सुरुवात झाली. पुढे लंडबर्ग, पोलक आणि वेल्स ह्या तिघांनी १९९७ मध्ये दाखवलं, की त्यानंतर घराघरांत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत वाढला. घर तेच, पैसा जवळपास तोच, फक्त तो कुणाच्या हातातून घरात शिरला ते बदललं. बेकर ह्यांचा प्रेमळ कर्ता ह्या एका निबंधाने बराच उघडा पडला. अलीकडे, २०२१ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी बायकांच्या स्वतःच्या खात्यात थेट टाकून पाहिली, खातं कसं वापरायचं हेही शिकवलं. बायका जास्त कामाला बाहेर पडल्या. दिव्याच्या ताईंच्या घरचा किराणा त्यात मोजलेला नाही, पण त्यांचं "तरी बरं" हे त्या निष्कर्षाचंच मराठी आहे, असं मला वाटतं. २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांकही मागायला लागले. ताईंनी तोही दिला. बहीण सरकारची, पण खात्री घरच्या पुरुषाकडून.

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. चाळीस वर्षं कारभार हातात असलेल्या माझ्या आईने तोवर एकही चेक लिहिलेला नव्हता. बँकेत तिची सही दोनदा जुळली नाही. काउंटरवरच्या माणसाने काचेआडून विचारलं, "घरातलं कुणी पुरुषमाणूस नाही का आलं?" मी काही बोलणार, एवढ्यात आई म्हणाली, "होते. म्हणूनच आलेय." मग ती तिसऱ्यांदा सही करायला खाली वाकली, आणि ह्या वेळी अक्षरांचे पाय मोजल्यासारखी सावकाश केली. जुळली.

आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. ब्लॉक बाबांच्या नावावर, त्यामुळे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, भाऊ आणि मी, तिघांचे हिस्से सारखे. अशा वेळी डोंबिवलीत काय होतं ते ठरलेलं आहे. वकील हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन येतो, बहिणी माहेर शाबूत राहावं म्हणून सही करतात, आया "आता मला काय करायचंय" म्हणून करतात. आमच्याकडेही वकील आला. मी सही केली. मला माहेर हवं होतं, आणि ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. आईने कागद नाकाजवळ धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "माझं राहू दे."

भाऊ दुखावला. दोन दिवस जेवताना कुणी बोललं नाही. वहिनी मात्र त्या दोन दिवसांत आईला कधी नव्हे ते दुपारचा चहा करून देत होती.

आता आईला कुटुंब निवृत्तिवेतन येतं, तिच्या गरजेपेक्षा चार पैसे जास्तच. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे महिनाअखेरीला शिल्लक पडते. ती स्वतः रिक्षा करून पोस्टात जाते, पासबुक भरून आणते, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज तिमाहीला नीट जमा झालं का बघते. पूर्वी टंचाईत कंजूष होती तशी आता राहिली नाही. पण हिशेबाला पक्की आहे. गेल्या दिवाळीत भावाला गाडी बदलायची होती. दोन लाख कमी पडत होते. बँकेचं कर्ज काढण्यापेक्षा आईकडे मागावे, असं त्याला वाटलं, आणि ते त्याने बरंच लाडात येऊन सांगितलं.

आईने विचारलं, "व्याज किती देशील ते आधी बोल."

त्याला वाटलं चेष्टा आहे. "आई, अगं घरातल्या घरात कसलं व्याज?"

"पोस्टात मला आठ पूर्णांक दोन मिळतात," आई म्हणाली. "ते मोडून तुला द्यायचे, तर मला काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. त्याने आठ म्हणून बघितलं. आई उठून गॅसवर चहा टाकायला गेली. शेवटी साडेआठला ठरलं, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. चुकला तर दंड किती, तेही लिहून ठेवायला तिने वहिनीला सांगितलं. आणि वहिनीने ते लगेच, तारखेसकट, लिहून घेतलं.